ओले पाय

“माझ्या पायांविषयी लिवलंस ती तूच का गं?”

फोनवरचा आवाज बाईमाणसाचा होता, वयस्कर, आणि त्यात राग मुळीच नव्हता, म्हणून भाग्यश्री गडबडली. रागाचं तिला काही वाटत नसे. कर्जतहून चौक फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोहिदासशेठचं गाड्यांचं शोरूम होतं, मागे वर्कशॉप, आणि तिथे येणाऱ्या तक्रारी ऐकून त्यांना शोरूमच्या वतीने उत्तरं देणं हे तिचं काम. लोक ओरडत, ग्राहक न्यायालयात खेचतो म्हणत, कुणाकुणाच्या ओळखी सांगत, आणि ती त्यांचा दम संपेपर्यंत थांबून म्हणे, “आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” हे वाक्य तिने इतकी वर्षं घासून असं गुळगुळीत केलं होतं की त्यावर कुणाचा राग टिकतच नसे, घसरून जाई. घरी आईने भाजी खारट झाली का विचारलं तरी तेच ओठांवर यायचं. आत्ताही सवयीने तेच निघालं. पलीकडे कोंबड्या, पत्र्यावरचा पाऊस, कुणीतरी मुलगी कुणालातरी गप्प बस म्हणत होती.

“दिलगिरी ऱ्हाऊ दे,” बाई म्हणाली. “तुमच्या मानसानं पैल्या खेपेलाच सांगितलं, पानी बायकोच्या पायांचं हाय. तवापासून मी त्या गाडीत बसलेली नाय. येकदा पन नाय. तरी पानी येतंच हाय. आता कुनाचे पाय लिवशील?”

आणि फोन ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला, एखादं भांडं जागेवर ठेवावं तसा.

भाग्यश्री फोन कानाला लावून तशीच बसली. गौराबाई. नाव तिला फाइलमुळे ठाऊक होतं, म्हणजे हिरामणमामांची फाइल. गाडी त्यांच्या नावावर होती आणि गौराबाई त्यांची बायको. भिवपुरीच्या वीजघरात जन्म काढून निवृत्त झालेला माणूस, गाव तिथून जवळच, घरची शेती. अक्षय तृतीयेला त्यांनी इथून गाडी नेली आणि पाऊस लागला तशी पहिली तक्रार आली: पुढच्या डाव्या बाजूला पायांपाशी पाणी साचतं, सतरंजी भिजते, वास मारतो. वर्कशॉपचा प्रमुख ओमकार, मुलगा कामाचा पण घाईचा, त्याने चारी दारांवर पाइपने पाणी मारून पाहिलं. दारांची रबरं उत्तम होती. आत थेंब आला नाही. मग पाणी आलं कुठून? मामांनीच बोलता बोलता सांगितलं की बायको शेतावरून येताना मध्येच गाडीत बसते, आणि ओमकारला हवं ते सापडलं. दुसऱ्या तक्रारीला लेखी उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा त्याने इंग्रजीत दोन ओळी लिहून दिल्या आणि भाग्यश्रीने त्यांचं मराठी केलं: ‘डाव्या आसनावर बसणाऱ्या व्यक्तीच्या ओल्या पायांमुळे ओलावा निर्माण होत असून वाहनात कोणताही दोष नाही.’ ओमकारच्या इंग्रजीत पादत्राणं होती. पाय तिने घातले होते. पादत्राणं हा शब्द तिला जड वाटला, एवढंच. लिहिताना चहा चालू होता, बाहेर कुणीतरी नवी गाडी बघायला आलं होतं, आणि कुठल्या तरी बाईचे पाय हे तेव्हा फक्त एका वाक्यातले पाय होते.

आता ते जिवंत झाले. तिला वाटलं ते कुणाचेही पाय असू शकतात, पण दिसले ते आईचे. कळंबला, तिच्या गावी, श्रावणात बायकांचे पाय लाल असत. लग्न नाही, कार्य नाही, तरी सगळ्यांचे तळवे मेंदीने रंगलेले, कारण लावणीच्या चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत आणि त्यावर मेंदीचा लेप हाच उपाय. लहानपणी भाग्यश्रीला वाटे की आईचं दरवर्षी पावसाळ्यात लग्न लागतं. मग मोठी झाल्यावर कळलं, की लग्नातल्या फोटोला उभं राहायची वेळ आली की आई लुगड्याचा काठ पुढे ओढते, पाय झाकते, आणि मगच कॅमेऱ्याकडे बघते. तिच्या लेकींनी शिकावं, पांढऱ्या फरशीवर काम करावं, यासाठी ते पाय भिजले होते आणि तिलाच ते झाकावेसे वाटत. भाग्यश्रीला हे शोरूममधलं काम लागलं ते तिच्या बोलण्यामुळे. मुलाखतीत शेठ म्हणाले होते, मुलगी शुद्ध बोलते. कळंबचं हाय-नाय तिने कॉलेजच्या पहिल्याच वर्षी कपाटात ठेवून दिलं होतं, आणि शुद्ध बोलता बोलता तिने भिवपुरीकडच्या एका बाईचे पाय घराच्या ओसरीवर सगळ्यांसमोर वाचले जातील अशी सोय केली होती. नात वाचून दाखवत असेल. मुली वाचून दाखवतात. तिनेही आईला कितीतरी कागद असेच मोठ्याने वाचून दाखवले होते, अर्थ कळायच्या आधीच आवाज लावून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि इथे दोर वळायचं काम तिच्या हाताने झालं होतं. तिला घाम आला. वर पंखा होता, समोर एसी होता, तरी आला.

ओमकारला तिने गाडी पुन्हा बोलवायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला की अगं, तपासून झालंय, उगाच खाजवून खरूज कशाला काढतेस. तिने विचारलं की बाई गाडीत बसत नाही तरी पाणी येतं, मग तुझ्या उत्तराचं काय करायचं. तो म्हणाला की बसत नाही असं ती सांगते. भाग्यश्री त्याच्याकडे बघत राहिली. त्याने ते वाक्य तसंच सोडून दिलं आणि मान खाजवत म्हणाला, बोलाव.

हिरामणमामा दुसऱ्या दिवशी सकाळीच आले, एकटे. पाऊस संथ, न थांबणारा, माथेरानचा डोंगर अर्धा ढगात. मामा अंगाने बारीक, इस्त्रीचा सदरा, वीजघरातल्या शिस्तीने गाडी पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लावली. बायको का आली नाही हे कुणी विचारलं नव्हतं तरी त्यांनी सांगितलं. गाडी घेतली तीच तिच्यासाठी, म्हणाले. नोकरी होती तोवर जिथे जायचं तिथे ती चालत नाहीतर टेंपोत, आणि आता पुढच्या सीटवर बसवून तिला माहेरी न्यायची, बाजाराला न्यायची. महिनाभर नेलीही. मग पायांचं निघालं, वर तुमचा कागद आला. आता ती बाजाराला परत टेंपोनेच जाते आणि मी रिकामी गाडी घेऊन मागनं जातो. हे ते हसत सांगत होते. भाग्यश्रीला ते हसणं सोसेना. तिला वाटलं, आत्ता दिलगीर आहोत म्हटलं तर हा माणूस मान डोलावेल, आभारही मानेल. ते न म्हणता दार उघडून ती डाव्या सीटवर, गौराबाईच्या जागेवर, बसली, आणि ओमकारला म्हणाली की गाडी छपराखाली घेऊ नकोस, अशीच पावसात राहू दे.

काचा बंद, दारं बंद. बाहेर ओमकार छत्री धरून मामांशी बोलत होता, त्यांचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होता तो फक्त टपावरचा पाऊस. पायांखालची सतरंजी दाबली की चुळूक करत होती. तिने चपला काढल्या. का काढल्या हे तिला सांगता आलं नसतं. ओल्यात पाय उघडे ठेवले की काहीतरी कळतं असं आत कुठेतरी होतं, पायांना. आणि मग तो वास. फाइलमध्ये ‘दुर्गंधी’ लिहिलं होतं, तेही तिनेच. हा दुर्गंध नव्हता. कुजल्यासारखा होता पण कुजका नव्हता. आंबूस, उबदार, गोडाकडे झुकणारा, आणि तो तिला माहीत होता, नाव सोडून सगळं माहीत होतं. तिने डोळे मिटले. अंधारं माजघर, कोपऱ्यात टोपली, टोपलीवर सागाची पानं, पानांवर दगड. हात घालू नको गं, आई ओरडायची, आणि ती हात घालायचीच, कारण आत गरम असायचं. बाहेर सगळं गार आणि टोपलीत मात्र जिवंत जनावर झोपल्यासारखी ऊब. भिजवलेलं भाताचं बी. मोड येण्याच्या आदल्या रात्रीचं. सगळ्या घरात हाच वास भरलेला असे, आणि दुसऱ्या दिवशी पानं बाजूला केली की टोपलीभर पांढरी इवलीशी शेपटं. कपड्यांना लागलेला हा वास कॉलेजला कुणाला येईल म्हणून ती किती साबण लावायची. आणि आता तो एका नव्याकोऱ्या गाडीत, चकचकीत काचेआड, तिच्या नाकापाशी येऊन उभा होता, चुकून शहरात आलेल्या मामासारखा, ओळख दाखव म्हणत. तिला हसू फुटलं. त्याच वेळी वरून, डॅशबोर्डच्या खालून, पंख्याच्या तोंडाशी, एक थेंब जमला, लांबला, आणि तिच्या उघड्या पावलावर पडला. मग दुसरा. ती हलली नाही. ओमकारला काच वाजवून बोलावलं आणि बोटाने दाखवलं. तो वाकून बघत राहिला. छत्री त्याच्या हातातून कधी कलली आणि त्याची पाठ भिजली हे त्याला कळलं नाही.

“वरनं येतंय,” तो म्हणाला. “च्यायला. मी दारंच बघत बसलो.”

पुढचं काम त्याचं होतं आणि ते त्याने चोख केलं. गाडी छपराखाली घेऊन बॉनेट उघडलं, वायपर काढले, समोरच्या काचेच्या बुडाशी असते ती काळी जाळी उचकटली. काचेवरून ओघळणारं पाणी त्या जाळीतून खाली पन्हळीत जातं आणि पन्हळीच्या टोकाच्या भोकातून बाहेर पडतं, एवढी साधी रचना. भोक बुजलं की पन्हळ भरते, आणि पाणी पंख्याच्या वाटेने आत, डाव्या पायांपाशी. त्याने जाळी उचलली आणि तिघंही बघत राहिली. पन्हळीत भाताची रोपं होती. झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्यांच्या खतात, एकमेकांना बिलगून, उजेडासाठी जाळीच्या भोकांकडे माना वळवलेली, फिकट हिरवी, बोटभर उंचीची, दाट. नीट उपटून लावली तर एखादा वाफा झाला असता. हिरामणमामांनी चष्मा पुसला, परत लावला, आणि इतकंच म्हणाले की आमच्या रोपांच्या राबापेक्षा बरा आलाय.

ओमकार हसायला लागला आणि मधेच थांबला. भाग्यश्रीही थांबली. कारण ते भात कुणाचं हे या शोरूममध्ये झाडूवालीलाही ठाऊक होतं. रोहिदासशेठच्या घरची तीन पिढ्यांची भाताची गिरणी. गाड्यांच्या धंद्यात ते मागाहून आले, पण गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देताना त्यांनी स्वतःची एक रीत घातली होती. नव्या नवरीला उंबऱ्यावर माप ओलांडायला लावतात ना, तसं शेठ घरच्या भाताचं माप भरून आणत, नारळ फोडत, आणि त्यातलं भात गाडीच्या कपाळावर, म्हणजे काचेवर, ओंजळीने वाहत. लेक देतोय, म्हणत, वाहन नाही. बाकीची शोरूमं चावीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती देऊन फोटो काढतात. इथे भात असतं. गिऱ्हाइकांचे डोळे भरून यायचे. नंतर पोरं हवेच्या पाइपने सगळं साफ करत आणि गाडी निघे. हिरामणमामांच्या वेळेला मात्र शेठ फार भरात आले होते. मामा त्यांच्या आजोळच्या गावचे. आजोळच्या माणसाची गाडी, त्यात अक्षय तृतीया. ओंजळ कसली, शेठनी अख्खं माप काचेवर उपडं केलं होतं, वर झेंडू, आणि हवेचा पाइप घेऊन धावलेल्या पोराला दटावलं होतं की हात लावू नकोस, घरापर्यंत जाऊ दे तशीच. भाग्यश्रीने तो फोटो काढला होता. फोटोत गौराबाई होती, बाजूला, पदर डोक्यावरून घेतलेली. तिच्या पायांकडे तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं.

शेठना बोलावणं भाग होतं. ते आले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडत, पन्हळीत डोकावले, आणि त्यांचा चेहरा प्रथम खुलला, खरोखर खुलला, पेरलेलं उगवलं की कुठल्याही भातवाल्याचा खुलतो तसा. मग कशाचं काय ते ध्यानात आलं. ते मामांकडे बघून मोठ्याने हसले, पाठीवर थाप दिली, चहा सांगितला. सतरंजी नवी घाला, आतलं सगळं नवं घाला, मामांना एक पैसा पडता कामा नये, असं ओमकारला बजावलं. माणूस मनाचा कोता नव्हता. मामा चहाला आतल्या खोलीत गेले, तसे ते भाग्यश्रीकडे वळले आणि आवाज उतरवून म्हणाले की उत्तर पाठवशील तर त्यात एवढंच लिही, निचऱ्याचा मार्ग साफ करून दिला. कशामुळे, कुणामुळे, ते कशाला. गाडी दुरुस्त झाली म्हणजे झालं.

झालं? ती तिथेच उभी होती, चपला अजून गाडीत, पाय फरशीवर गार पडलेले. गाडी दुरुस्त झाली हे खरंच होतं. मामा खूश होते. ओमकार नव्या सतरंजीच्या मागे लागला होता. सगळं सुटलं होतं, फक्त भिवपुरीकडच्या एका ओसरीवर वाचलेलं एक वाक्य तसंच राहणार होतं. निचऱ्याचा मार्ग साफ केला. हे नात वाचेल, घरचे म्हणतील बरं झालं, आणि गौराबाई ऐकेल की तिच्या पायांनी घाण झालेला मार्ग शोरूमवाल्यांनी मोठ्या मनाने साफ करून दिला. गाडी कोरडी होईल आणि ती बाजाराला टेंपोनेच जाईल. तक्रार मिटेल आणि आरोप राहील. भाग्यश्रीला आतापर्यंत मिटवलेल्या तक्रारी आठवल्या. त्यांच्या खाली कायकाय राहिलं असेल कोण जाणे. तिला भीती वाटली, नाही असं नाही. नोकरी चांगली होती, घराचे हप्ते, आईची औषधं. शेठ वाईट नव्हते, हीच अडचण; वाईट माणसाविरुद्ध उभं राहायला बळ लागत नाही, संताप पुरतो. इथे ज्या माणसाने तिला शुद्ध बोलते म्हणून घेतलं त्याच्या मायेच्या हातावर बोट ठेवायचं होतं. पण पावलावर जिथे तो थेंब पडला होता तिथे अजून गार होतं. ताकाला जायचं तर भांडं लपवायचं नाही, आई म्हणायची. ती आत आपल्या टेबलापाशी गेली, शेठ मागोमाग शोरूममध्ये आले. तिने फोन उचलला, स्पीकरचं बटण दाबलं, आणि शेठ समोर उभे असताना हिरामणमामांच्या घरचा नंबर लावला.

फोन गौराबाईनेच घेतला. आणि भाग्यश्रीच्या तोंडून जे निघालं ते शुद्ध नव्हतं. कपाटात ठेवलेलं कळंबचं बोलणं घडी न मोडता जसंच्या तसं बाहेर आलं.

“मावशी, मी भाग्यश्री, शोरूममधली. पायांचं लिवलं ती मीच. पानी तुमच्या पायांचं नवतं. आमच्या शेठच्या हातचं होतं.”

शोरूममध्ये एक जोडपं गाडीची दारं उघडून बघत होतं, ते थांबलं. शेठचा हात बाहीवर होता तिथेच राहिला.

“परत बोल,” गौराबाई म्हणाली आणि नातीकडे वळली. “थांब. रिया, ह्या फोनचा आवाज मोठा कर गं. आता बोल. कागद वाचला तवा समदी बसलेली, आता बी बसलीत.”

भाग्यश्रीने श्वास घेतला. सकाळपासून कोंडलेला आवाज तिने सोडला. ती ओरडली नाही, पण शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल एवढ्या आवाजात ती बोलली, आई बोलते त्या आवाजात. गाडी घेताना शेठनी काचेवर भात वाहिलं, तेच खाली जाऊन बसलं, पाण्याची वाट बुजली आणि पाणी आत आलं. गौराबाईच्या पायांचा काही संबंध नाही. आमी चुकीचं लिवलं. आमी चुकलो. ‘आम्ही दिलगीर आहोत’ म्हणताना कधी कळलं नव्हतं की ‘आमी चुकलो’ एवढं छोटं असतं आणि बोलून झाल्यावर छाती अशी मोकळी होते. वर्कशॉपच्या दारात पोरं जमली होती. ओमकार त्यांच्यात होता आणि त्याने मान खाली घातली नव्हती. तो तिच्याकडे बघून हसत होता.

“भात उगावलं का तितं?” गौराबाईने विचारलं.

“उगावलंय मावशी. हातभर नाय, पन बोटभर हाय. दाट.”

पलीकडे हशा पिकला, ओसरीभर, आणि त्यात सगळ्यांत वरचा गौराबाईचा. हसता हसता ती म्हणाली, “काचेवर उगावतंय म्हंजी बी खरं हाय. इचार तुझ्या शेठला, बी कंचं ते.”

भाग्यश्रीने शेठकडे पाहिलं. शेठचे कान लाल झाले होते. हात दाखवून अवलक्षण झालं होतं आणि तेही गिऱ्हाइकांच्या देखत. पुढच्या घडीला ते काय करतील याचा तिला अंदाज नव्हता, आणि आश्चर्य म्हणजे त्याची काळजीही नव्हती. जे व्हायचं ते तिच्या बोलण्यानंतरचं होतं, आणि बोलणं होऊन गेलं होतं. शेठ टेबलापाशी आले. फोनवर वाकले. त्यांचंही शुद्ध बोलणं कुठेतरी पडलं असावं.

“झिनी हाय मामी,” ते म्हणाले. “घरचीच. पाठवतो पायलीभर. आनि त्ये पायांचं... आमची चुकी झाली.”

मग दोघं बियाण्यावर बोलत राहिली, यंदा पाऊस कसा, करपा पडला का, आणि जोडपं परत गाडीची दारं उघडून बघू लागलं. भाग्यश्री खुर्चीत बसली. आत असा काही उल्हास उसळला होता की तिला धावत रस्त्यावर जाऊन कुणालातरी सांगावंसं वाटलं. कुणाला आणि काय, ते सुचेना. शेठ संध्याकाळी निघताना दारात घुटमळले आणि म्हणाले की यापुढे माप चाकापुढे ठेवायचं, गाडीने ओलांडायचं, काचेवर नाही. नवरीच्या डोक्यावर तरी कुठे ओततो आपण. एवढं बोलून गाडीत बसून गेले.

गाडी तयार झाली ती दोन-चार दिवसांनी. आत नवी सतरंजी, वास नाही, ओमकारने पन्हळीत बादली-बादली पाणी ओतून प्रत्येक थेंब बाहेर पडताना स्वतः पाहिला होता. न्यायला हिरामणमामा आले आणि या खेपेला एकटे नव्हते. टेंपो रस्त्यावर थांबला, त्यातून आधी मामा उतरले, मग गौराबाई. फोटोतल्यापेक्षा ती उंच होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पदर कमरेला, आणि पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले, ओले, तळव्यांच्या कडेने मेंदीची लाली. बेणणी, म्हणजे तण काढणं, सोडून थेट बांधावरून आलेली. मामा ओशाळून भाग्यश्रीला म्हणाले की विहिरीपाशी थांब, पाय धू, म्हणून दोनदा सांगितलं तर ऐकलीच नाय.

शोरूमची फरशी पांढरी होती. गौराबाई दारात थांबली, ती घुटमळून नव्हे, आत कोण कोण आहे ते बघायला. शेठ होते, ओमकार होता, कुणी नवी गिऱ्हाइकं होती. तिने सगळ्यांना एकदा नीट पाहून घेतलं आणि चालायला लागली. सावकाश, पाऊल पूर्ण टेकत. चकचकीत गाड्यांच्या मधून, काचेच्या टेबलांना वळसा घालून, शेठच्या समोरून, मागच्या दारापाशी तिची गाडी उभी होती तिथवर; आणि तिच्यामागे पांढऱ्या फरशीवर एकेक पाऊल उमटत गेलं, टाच, तळवा, पाचही बोटं, कुठे लपवलेलं नाही. झाडूवाली पोचा घेऊन धावली. शेठनीच हात आडवा करून तिला थांबवलं. भाग्यश्रीने पुढे होऊन डावं दार उघडलं. आपल्या हातून दार उघडलं जातंय याचा तिला इतका अभिमान वाटला की तिला डोळे मिचकावावे लागले. गौराबाईने तिच्या गालावरून चिखलाच्या हाताने बोटं फिरवली, सीटवर बसली, दोन्ही पाय उचलून नव्या सतरंजीवर ठेवले, आणि ते तिथे कसे दिसतात ते जरा वेळ निरखून पाहिलं.

“चला,” ती नवऱ्याला म्हणाली. “बाजारातनं जा. सगल्यांना बघू दे.”